जुनी छायाचित्रे आणि स्त्रीचे प्रजननहक्क : पहिली कलाकृती करू पाहणाऱ्यांसाठी

आमच्या घरातील लोखंडी ट्रंकेत पणजीचे एकच छायाचित्र होते. जाड तपकिरी पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या त्या छायाचित्रात पणजोबा खुर्चीत बसलेले आहेत, पुढे तीन मुलगे ओळीने उभे आहेत आणि पणजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभी आहे. पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलने पणजोबांचे आणि तिन्ही मुलग्यांचे नाव लिहिले आहे. तिच्यासाठी फक्त ‘व सौ.’ एवढेच. आत्याने सांगितले की पणजीची अकरा बाळंतपणे झाली, त्यांतील चार मुले जगली आणि चौथी जगलेली मुलगी होती, म्हणून तिला त्या दिवशी फोटोला उभे केले नाही. माझ्या कामाची सुरुवात या छायाचित्रापासून झाली. त्यानंतरच्या सात वर्षांत मी जुन्या छायाचित्रांवर आधारित तीन प्रदर्शने केली आणि त्यांपैकी पहिल्या प्रदर्शनातील एक कलाकृती मला स्वतःच्या हाताने भिंतीवरून उतरवावी लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, यासाठी हा लेख आहे.

१. आधी प्रश्न ठरवा, मग छायाचित्र शोधा

‘प्रजननहक्क’ हा एक विषय नव्हे. बालविवाह आणि संमती, संततिनियमन, सुरक्षित बाळंतपण, गर्भपात, सक्तीची नसबंदी, गर्भलिंगनिदान असे अनेक वेगवेगळे प्रश्न त्यात आहेत आणि प्रत्येकाचा काळ वेगळा आहे. हातात एखादे सुंदर जुने छायाचित्र आले की त्यावर कोणताही प्रश्न लादण्याचा मोह होतो. तो टाळायचा असेल, तर काळाचा सांगाडा स्वतःच्या वहीत आधी लिहून काढा.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले; त्यावरील अश्लीलतेच्या १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्याच आंबेडकरांनी तयार केलेले संततिनियमनाच्या बाजूचे भाषण १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी वाचले. १८६० च्या दंडसंहितेने गुन्हा ठरवलेला गर्भपात १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर वैध झाला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते आणि पुढे हा भार जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांवर गेला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा आहे.

हा सांगाडा समोर असला म्हणजे १९१० च्या सुमाराच्या नववधूच्या छायाचित्रावर गर्भपाताच्या कायद्याचे कलम छापण्याची चूक होत नाही.

याच टप्प्यावरचा सर्वांत मोठा सापळा एका शब्दाचा आहे. गेल्या काही दशकांत ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द फलकांवर, भाषणांत आणि शाळेच्या निबंधांत इतका रुजला आहे, की गर्भपात म्हणजेच हत्या असा समज त्यातून पसरतो आणि कायदेशीर गर्भपातासाठी येणारी स्त्रीसुद्धा दवाखान्याच्या दारात संशयित ठरते. तुमचे काम लिंगनिवडीच्या विरोधात असेल, तर ‘गर्भलिंगनिदान’ किंवा ‘लिंगनिवड’ म्हणा. स्वतःच्या शीर्षकात ‘हत्या’ लिहून त्याच भिंतीवर सुरक्षित गर्भपाताचा हक्क मागता येत नाही.

२. छायाचित्र कोठे शोधावे

घरातून सुरुवात करा. ट्रंका, देवघरामागचे कपाट, भिंतीवरच्या तसबिरींच्या मागच्या बाजू हे सारे पाहा. तसबिरीच्या मागे पुठ्ठा म्हणून दुसरे छायाचित्र घातलेले मला दोनदा सापडले आहे. घरानंतर नातेवाईक, विशेषतः घरातील वृद्ध स्त्रिया. त्यांच्याकडे जाताना ‘प्रजननहक्क’ हा शब्द बाहेर ठेवून जा. ‘दिवस जाणे’, ‘पाळणा लांबवणे’, ‘तांबी’, ‘ऑपरेशन’ आणि आवाज खाली आणून उच्चारलेले ‘पोट पाडणे’ हे त्यांचे शब्द आहेत. फोन करून विचारू नका. प्रत्यक्ष जा, छायाचित्राची मोठी प्रत सोबत न्या आणि मागे उभ्या असलेल्या स्त्रीवर बोट ठेवून ‘ही कोण?’ एवढाच पहिला प्रश्न विचारा.

पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथे अनोळखी कुटुंबांची छायाचित्रे मिळतात. तेथे घेतलेल्या प्रत्येक छायाचित्राची तारीख, विक्रेत्याने सांगितलेले मूळ गाव, किंमत आणि सोबत आणखी काय होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आख्खा अल्बम पाने फाडून सुटा विकला जात असेल, तर शक्य असल्यास सगळाच घ्या किंवा निदान सगळ्या पानांचे फोनवर फोटो काढा, कारण सुटे झालेले छायाचित्र आपली माणसे कायमची गमावते.

परदेशी संग्रहांपैकी लंडनचे वेलकम कलेक्शन आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्याकडील बरेच साहित्य विनामूल्य उतरवून घेता येते, परंतु प्रत्येक प्रतिमेखाली लिहिलेली वापराची अट वेगवेगळी असते.

३. छायाचित्र वाचायला शिका

मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती, त्यामुळे आपल्याकडील सर्वांत जुनी व्यक्तिचित्रे त्या काळाच्या आसपासची असू शकतात. पातळ कागदावरचे, जाड पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेले, पिवळसर तपकिरी झालेले छायाचित्र बहुधा एकोणिसाव्या शतकातील अंड्याच्या पांढऱ्या बलकावर केलेल्या अल्ब्युमिन पद्धतीचे असते. काळ्या भागांच्या कडेला निळसर चंदेरी चकाकी आलेली असेल, तर ते त्यानंतरचे जिलेटिन छायाचित्र होय. दातेरी पांढरी कडा दिसली, तर बहुतेक वेळा १९४० ते १९६० च्या दरम्यानचा काळ धरावा. पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्का, मागचा पेन्सिलचा मजकूर, हाताने रंगवलेले कुंकू वा चोळी, कोण बसले आहे आणि कोण उभे आहे, मूल कोणाच्या मांडीवर आहे, हे सारे टिपून घ्या.

सरावासाठी एक उदाहरण घ्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचे छायाचित्र काढले गेले. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी आपापल्या देशाच्या वेशात बसल्या आहेत. छायाचित्रात काय दिसते, तर तीन तरुण स्त्रिया, आनंदीबाईंची साडी, स्थिर नजर. काय दिसत नाही, तर आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांना झालेले मूल दहा दिवसांत गेले, पुढे त्यांनी प्रसूतिशास्त्रावरच आपला प्रबंध लिहिला आणि पदवी मिळाल्यावर वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचा मृत्यू झाला. वहीच्या एका पानावर ‘दिसते’ आणि दुसऱ्यावर ‘दिसत नाही, पण पुरावा आहे’ असे दोन रकाने करा. तिसरा रकाना ‘मला वाटते’ हा आहे. तो वेगळ्या पानावर लिहा आणि ते पान कलाकृतीपासून दूर ठेवा.

पुरावा आहे पण छायाचित्रच नाही, अशीही वेळ येते. फुल्यांच्या गृहात बाळंत झालेल्या विधवांची छायाचित्रे आपल्यापाशी नाहीत. बाजारातल्या एखाद्या अनोळखी विधवेचे छायाचित्र त्यांच्या जागी लावणे म्हणजे दोन्ही स्त्रियांवर अन्याय आहे. मी तेथे जुन्या मापाचे रिकामे पुठ्ठे लावले आणि खाली फक्त गृहाचे वर्ष व ठिकाण लिहिले.

४. तिची संमती

छायाचित्रातील स्त्री आज हो किंवा नाही म्हणू शकत नाही, आणि तुमची कलाकृती तर संमतीबद्दलच आहे. या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या.

माझ्या पहिल्या प्रदर्शनात जुन्या बाजारातून दीडशे रुपयांना घेतलेले एक छायाचित्र होते. पांढऱ्या पातळातील एक स्त्री टेबलाशेजारी उभी, टेबलावर पुस्तक, चेहरा गंभीर. मी त्याच्या छापील प्रतीवर तिच्या पोटाच्या जागी लाल दोऱ्याच्या नऊ गाठी मारल्या आणि ‘नऊ बाळंतपणे’ असे शीर्षक दिले. तिसऱ्या दिवशी सत्तरीच्या एक बाई त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, “ही माझी मोठी मावशी. हिने लग्न केले नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती, शेकडो बायकांची बाळंतपणे केली तिने. तुम्ही तिच्या पोटावर या गाठी का मारल्या?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी मी ते चित्र उतरवले, मूळ छायाचित्र त्यांच्या घरी नेऊन दिले आणि त्यांची क्षमा मागितली. स्वतःच्या शरीराबाबत ठाम निर्णय घेतलेल्या एका स्त्रीची तीच गोष्ट माझ्या कलाकृतीने पुसून टाकली होती.

तेव्हापासून मी तीन नियम पाळते. अनोळखी स्त्रीच्या चेहऱ्यावर कोणत्याही विशिष्ट आयुष्याचा आरोप करायचा नाही. तशी कलाकृती करायची असेल, तर चेहरा वगळून हात, पदर, खुर्ची, पुठ्ठ्याची मागची बाजू एवढेच घ्यायचे. ओळखीच्या कुटुंबातील छायाचित्र असेल, तर कायदेशीर वारसासोबत त्या घरातील स्त्रियांनाही वेगळे बसवून विचारायचे, कारण पुरुषाने दिलेल्या परवानगीवर घरातील सुनेची हरकत नंतर कानावर येते. आणि कोणी नकार दिला, तर त्याचे कारण विचारायचे नाही.

मृत्यूच्या छायाचित्रांबाबत माझे मत आणखी कडक आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात बेकायदा गर्भपाताच्या प्रयत्नात मरण पावलेल्या एका स्त्रीचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र १९७३ मध्ये ‘मिझ’ मासिकात नाव न देता छापले गेले. ते गर्भपातहक्काच्या चळवळीचे मोठे प्रतीक बनले, पण तिच्या बहिणीने ते मासिकात पाहून ओळखले. चळवळीला त्याचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. तरीही नवख्याने अशा प्रतिमेला हात लावू नये, असेच मी सांगेन.

५. मालकी आणि कायदा

बाजारात छायाचित्र विकत घेतले, म्हणजे कागद तुमचा झाला. प्रताधिकार तुमचा झाला नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, पैसे देणारा ग्राहक असतो. म्हणून घरच्या स्टुडिओ-छायाचित्राचा हक्क बहुधा घरातच असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही इतर कलाकृतींप्रमाणे निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचे संरक्षण आहे. त्याआधीच्या छायाचित्रांची गणना वेगळ्या रीतीने होते. १९०७ पर्यंत काढलेल्या छायाचित्रांबाबत निर्धास्त राहावे, मधल्या काळातील छायाचित्र विक्रीच्या कलाकृतीत वापरणार असाल, तर वकिलाला दाखवावे.

सरकारी प्रकाशनांना, म्हणजे कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या भित्तिपत्रकांनाही, प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे संरक्षण असते. १९६८ चे पत्रक २०२८ अखेरपर्यंत संरक्षित राहील. कर्वे १९५३ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचे स्वतःचे लेखन २०१४ पासून सर्वांना खुले आहे. ‘समाजस्वास्थ्य’मधील इतरांच्या मजकुराचा मात्र स्वतंत्र विचार करावा लागतो.

एक दक्षता आवर्जून घ्या. १९८० च्या दशकातील गर्भलिंगचाचणीच्या जाहिराती, आता थोडा खर्च करून पुढचा हुंडा वाचवा अशा आशयाच्या, कलाकृतीत घ्यायच्या असतील, तर त्यांतील दवाखान्याचे नाव, पत्ता आणि क्रमांक पूर्ण झाका. आजच्या कायद्याने अशी जाहिरात हा गुन्हा आहे आणि तुमचा टीकेचा हेतू दुरून पाहणाऱ्याला समजेलच असे नाही.

६. प्रत काढणे आणि प्रतीवर काम करणे

मूळ छायाचित्रावर कधीही काम करू नका. हा नियम मला कोणी पहिल्या दिवशी सांगितला असता, तर आजीच्या मैत्रिणीने दिलेल्या एका छायाचित्रावर डिंकाचा डाग आज राहिला नसता.

लागणारे साहित्य असे : सपाट स्कॅनर, मऊ ब्रश, नायट्राइलचे हातमोजे, आम्लरहित कागदी पाकिटे, सिलिका जेलच्या पुड्या, मऊ पेन्सिल आणि नोंदवही. मोठ्या पुठ्ठ्यावरचे छायाचित्र दर इंचाला ६०० बिंदूंनी आणि लहान भेटपत्राच्या आकाराचे १२०० बिंदूंनी स्कॅन करा, टिफ स्वरूपात साठवा आणि मागची बाजूही तितक्याच काळजीने स्कॅन करा. काचेला चिकटलेले छायाचित्र सोडवू नका. काचेसकट स्कॅन करा. ओरखडे, बुरशीचे ठिपके संगणकावर पुसून चित्र ‘नवे’ करण्याची घाई नको, कारण त्या डागांतच छायाचित्राचे वय आहे.

भरतकाम करायचे असेल, तर प्रत २५० ते ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) सुती कागदावर काढा. कागद जाड फोमवर ठेवून आधी नुसत्या सुईने समोरून भोके पाडा आणि मग दोरा ओवा, म्हणजे भोकाची जागा चुकत नाही. दोन भोकांत निदान तीन मिलिमीटर अंतर हवे; त्याहून जवळ गेल्यास टपाल तिकिटाच्या कडेसारखी रेघ तयार होते आणि कागद तेथूनच फाटतो. एकेरी दोरा पुरतो. उलट्या बाजूच्या गाठी दिसू द्यायच्या की नाहीत, हे चौकट करण्यापूर्वी ठरवा. मी त्या दाखवते.

निळ्या सायनोटाइप छपाईसाठी अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणे करून वापरण्यापूर्वी समप्रमाणात मिसळतात. छायाचित्र संगणकावर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करून पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर छापले, की तेच निगेटिव्ह होते. ते मिश्रण लावून वाळवलेल्या कागदावर ठेवून उन्हात ठेवायचे. पुण्यातील एप्रिलच्या दुपारी मला आठ ते बारा मिनिटे ऊन पुरते, श्रावणात अर्धा तासही कमी पडतो. हातमोजे घाला, फेरिसायनाइडजवळ आम्ल आणू नका आणि तयार चित्र साबणाच्या पाण्याने धुऊ नका, कारण अल्कली लागताच निळा रंग फिका पडतो.

७. चित्रासोबतचे शब्द

या विषयावरील जगप्रसिद्ध उदाहरण बार्बरा क्रूगर या अमेरिकन कलावतीचे आहे. ९ एप्रिल १९८९ रोजी वॉशिंग्टन येथे निघालेल्या स्त्रियांच्या मोर्चासाठी तिने एका स्त्रीच्या चेहऱ्याचे छायाचित्र उभे दुभागून अर्धे पॉझिटिव्ह, अर्धे निगेटिव्ह केले आणि ‘तुझे शरीर हे रणांगण आहे’ अशा अर्थाचे शब्द त्यावर ठेवले. छायाचित्र आणि वाक्य एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे त्यातून शिकावे. लाल पट्टीवरची पांढरी अक्षरे मात्र उसनी घेऊ नका. मराठी चित्राला तो पोशाख शोभत नाही.

आपल्याकडे बायकांचे स्वतःचे शब्द आहेत, ते म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्यांत बाळंतपण, वांझपणाचे बोल, लेकीचा जन्म हे सारे आहे. ओवी वापरलीत, तर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव तितक्याच मोठ्या अक्षरांत द्या. छायाचित्रातील स्त्रीच्या तोंडी प्रथमपुरुषी वाक्य घालणे पूर्णपणे टाळा. ‘मला नको होते’ हे वाक्य कितीही परिणामकारक वाटले, तरी ते तिने उच्चारल्याचा पुरावा नसेल, तर ते तुमचे वाक्य आहे आणि तुमच्याच नावाने भिंतीवर आले पाहिजे.

आज हयात असलेल्या स्त्रियांचे अनुभव जोडणार असाल, तर नाव, गाव, दवाखाना यांपैकी काहीही ओळखू येऊ देऊ नका. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख गुप्त ठेवणे हे कायद्यानेच डॉक्टरांवर बंधन आहे. कलावंताने त्याहून कमी काळजी घेण्याचे कारण नाही.

८. मांडणी आणि कागदपत्रे

सभागृहाकडे अर्ज करताना विषय स्पष्ट लिहा. ‘स्त्रीजीवन’ असे मोघम लिहून आत गर्भपाताचे चित्र लावले, की उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वाद होतो. सोबत ठेवायची कागदपत्रे अशी : प्रत्येक छायाचित्राची मूळ नोंद, विक्रेत्याची पावती, कुटुंबाचे लेखी परवानगीपत्र (कोणत्या कलाकृतीसाठी, किती काळ, विक्री व समाजमाध्यमांवर वापर चालेल की नाही, परवानगी मागे कशी घेता येईल), संग्रहाच्या अटींची छापील प्रत आणि प्रत्येक ऐतिहासिक विधानाचा आधार.

दाराजवळ गर्भपाताच्या आजच्या कायद्याची माहिती मोठ्या अक्षरांत लावा, कारण प्रेक्षकांत ज्यांना ती हवी असते, त्या विचारत नाहीत. वीस आठवड्यांपर्यंत कायद्यातील कारणांसाठी एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यात अविवाहित स्त्रियाही येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले आहे. आणि सज्ञान स्त्रीला स्वतःच्या संमतीशिवाय कोणाचीही, नवऱ्याचीसुद्धा, सही लागत नाही. हे शेवटचे वाक्य वाचून दुसऱ्या प्रदर्शनात एका तरुण स्त्रीने फलकाचा फोटो काढला, थोडी पुढे गेली आणि पुन्हा मागे येऊन आणखी एक काढला.

प्रदर्शन संपल्यावर मूळ छायाचित्रे आठ दिवसांच्या आत ज्यांची त्यांना परत करा. परत करताना ती आम्लरहित पाकिटात घाला आणि तोपर्यंत मिळालेली नावे पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहा, छायाचित्राच्या पाठीवर नव्हे. आमच्या ट्रंकेतील पाकिटावर आता पणजीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे आहेत आणि त्या दिवशी फोटोला उभी न केलेल्या तिच्या मुलीचेही.